मदत हवी आहे: समाजमिती आणि व्यक्तिमत्त्व चाचणी, सहसंबंध येतच नाहीये!

घाईत_आहे:
एमएडचा लघुप्रबंध. सोमवारी गाईडना आकडे दाखवायचेत. विषय: नववीच्या मुलांचे व्यक्तिमत्त्वगुण आणि वर्गातली स्वीकृती. चाचणी घेतली, समाजमिती घेतली (वर्गात कोणाला कोण हवं, हे मुलांनाच विचारलं), दोन्हींचा सहसंबंध काढला. जवळजवळ शून्य, म्हणजे काही नातंच नाही! बहिर्मुख मुलं वर्गात आवडती असतात हे शेंबडं पोरही सांगेल. चुकलं कुठे? प्लीज लवकर.

चावडीवरचा:
कुठली चाचणी? किती मुलं? समाजमितीत प्रश्न काय होता? एवढंही न सांगता काय सांगणार, कप्पाळ?

रेवाची_आई:
माझी लेक अबोल. आठवीत शाळा बदलली, तर तीन महिने डबा एकटीच खायची. कबड्डीला घातली, आता घरात मैत्रिणींचा राबता. मैदानावर पाठवा मुलांना.

घाईत_आहे:
ताई, मला लेक नाही, लघुप्रबंध आहे.
@चावडीवरचा १६ पीएफ, सोळा घटकांची व्यक्तिमत्त्व चाचणी. मुलं ८१. प्रश्न: 'सहलीच्या बसमध्ये शेजारी कोण बसलेलं आवडेल? तीन नावं लिहा.'

चावडीवरचा:
अहो, १६ पीएफ सोळा वर्षांवरच्यांसाठी! नववीची पोरं चौदा-पंधराची. १६ पीएफ बनवणाऱ्या कॅटेल यांचीच शाळकरी मुलांची चाचणी, एचएसपीक्यू आहे, १२ ते १८ वयासाठी, १४ घटकांची. पायाच कच्चा तुमचा.

निवृत्त_मास्तर:
चाचण्या राहू द्या. ३१ वर्षं वर्ग सांभाळलेत. दंगेखोर पोरगा शाळाभर प्रसिद्ध असतो, पण बसमध्ये त्याच्याशेजारी बसायला कोणी तयार नसतं. न मागता वही देणारा असतो ना, त्याच्यासाठी भांडणं होतात.

संख्यावेडी:
मास्तर, तुमचं म्हणणं चाचण्यांतूनच दिसलंय! 'आवडता' वेगळा आणि 'भाव असलेला' वेगळा. बहिर्मुखतेइतकंच मनमिळाऊपणाकडेही बघायला हवं.
@घाईत_आहे शून्य नावं मिळालेल्यांचं काय केलंस? कोई, डॉज आणि कोपोटेली या संशोधकांनी १९८२ मध्ये 'नाकारलेली' (अनेकांना नकोशी) आणि 'दुर्लक्षित' (कोणाच्या लक्षातच न येणारी) मुलं वेगळी काढली. तू फक्त 'कोण हवं' विचारलंस, म्हणजे दोन्ही एकाच पोत्यात.

चावडीवरचा:
मग 'कोण नको' हेही विचारा.

निवृत्त_मास्तर:
खबरदार! मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना विचारतात, 'माझं नाव लिहिलंस का?' एखादं लेकरू घरी जाऊन उशीत तोंड खुपसेल.

संख्यावेडी:
त्यापेक्षा वर्गाची यादी द्यायची, प्रत्येकाला १ ते ५ गुण. पण एक सांग, नववीतला मुलगा बसमध्ये शेजारी मुलीचं नाव लिहील का? मुलं-मुली वेगळे मोजलेस ना? आणि तुकडी एकच होती ना?

अवांतर_आबा:
आमच्या वेळी सहल एसटीने जायची. शेजारी बसायचं सोडा, उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

घाईत_आहे:
दोन तुकड्या. एक ५२ची, एक २९ची. नावं एकत्रच मोजली. आणि २९ची तुकडी फक्त मुलींची आहे. हे आधी सांगायला हवं होतं का?

संख्यावेडी:
🙏 ५२ जणांत सहा जणांनी एखाद्याचं नाव लिहिणं आणि २९ जणांत सहा जणांनी लिहिणं सारखं कसं? आधी तुकडीनिहाय झेड गुण काढ (आपल्या तुकडीच्या सरासरी आणि पसाऱ्याच्या मानाने कोण किती वर-खाली). चाचणीचं मात्र गाईडना आजच सांग, सोमवारची वाट बघू नकोस.

रेवाची_आई:
सहल कुठे नेताय पण?