मदत हवी आहे: ३५० धावपटूंची शर्यत, नोंदणी आणि वेळनोंद चिपशिवाय जमेल का?

पहाटवारा

नमस्कार मंडळी,

एका सामुदायिक रस्ता-शर्यतीत नोंदणी आणि वेळनोंद ही दोन्ही कामं स्वयंसेवक म्हणून माझ्याकडे आली आहेत. ५ किमीला साधारण २३० आणि १० किमीला १२० जण अपेक्षित आहेत. १० किमी म्हणजे ५ किमीच्याच मार्गाच्या दोन फेऱ्या. सुरुवात आणि शेवट एकाच रेषेवर. १० किमी सकाळी ६:३० ला सुटेल, ५ किमी ६:४५ ला. नावनोंदणी ऑनलाइन फॉर्मवर झाली आहे, शिवाय त्या दिवशी ऐनवेळी येणाऱ्या थोड्या लोकांनाही घ्यायचं आहे. मदतीला १६ जण आहेत, पण शर्यतीचं काम कुणीच केलेलं नाही. धावपटूची वेळ आपोआप टिपणारी चिप भाड्याने घेण्याइतका पैसा बहुधा नसेल.

प्रश्न असे:
१. हाताने वेळ घेतली तर निकाल विश्वासार्ह लागेल का? नेमकी पद्धत काय?
२. बिब म्हणजे छातीवर लावायचे क्रमांक, त्यांच्या वाटपाला किती टेबलं लागतील?
३. दोन अंतरांचे लोक एकाच रेषेवर येणार, तर गोंधळ कसा टाळायचा?

---

काटा_सेकंदाचा

ताई, ३५० धावपटू हाताने जमतात. ५०० च्या वर गेलात तर मात्र चिपच घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. 'कोण कितव्या क्रमांकाने आलं' आणि 'कितव्या क्रमांकाची वेळ काय' या दोन वेगळ्या याद्या आहेत. त्या वेगळ्या माणसांनी, वेगळ्या जागी, एकमेकांकडे न बघता करायच्या आणि नंतर जोडायच्या. एकाच माणसाने बिब वाचून वेळही लिहायची म्हटलं, तर मिनिटाला ४-५ धावपटूंच्या पुढे हात चालत नाही. तुमच्या ५ किमीला गर्दीच्या वेळी मिनिटाला १२-१५ जण येतील.

वेळेची यादी: रेषेच्या अगदी बाजूला एक जण. प्रत्येक माणूस रेषा ओलांडताना एकदा बटण. त्याने बिबकडे बघायचंही नाही. फोनवरचं लॅप घेणारं, म्हणजे प्रत्येक बटणाला एक वेळ नोंदवत जाणारं स्टॉपवॉच चालेल, पण ते ३५० लॅप साठवतं का आणि यादी बाहेर काढता येते का हे आदल्या दिवशी ३५० वेळा बटण दाबून बघा. फोन विमान मोडवर, स्क्रीन आपोआप बंद होणं बंद, पॉवर बँक जोडलेली. दुसरा माणूस दुसऱ्या फोनवर हेच काम स्वतंत्रपणे करेल.

क्रमाची यादी: रेषेनंतर दोरी किंवा बॅरिकेडची एकेरी गल्ली, रुंदी एक मीटरच्या आसपास, लांबी निदान २० मीटर. गल्लीत कुणी कुणाला ओलांडायचं नाही, त्यासाठी एक जण उभा हवा. गल्लीच्या शेवटी दोघं बिबच्या खालची, तोच क्रमांक छापलेली फाडायची पट्टी काढून घेतात आणि तिसरा ती त्याच क्रमाने तारेत ओवतो. पट्टीला छापतानाच भोक पाडून घ्या. एक पट्टी काढायला साधारण ४ सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला १५ ही एका माणसाची कमाल झाली, म्हणून दोघं. पण दोघांनी आळीपाळीने काढायच्या आणि तार एकच. दोन तारा झाल्या की क्रम गेला.

गल्ली मागे भरत रेषेपर्यंत आली की लोक बाहेर पडतात आणि तिथून पुढचा सगळा क्रम संशयास्पद होतो. पाणी आणि पदकं गल्लीच्या तोंडाशी ठेवल्यामुळे हे हमखास होतं. पाण्याचं टेबल गल्ली संपल्यावर आणखी ३० मीटर पुढे न्या.

---

तिसरी_यादी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. त्यात एक यादी वाढवा, तीच तुम्हाला वाचवेल: पडताळणीची यादी.

दोघांची जोडी. एक घड्याळ बघतो, दुसरा लिहितो. साधारण दर दहाव्या धावपटूचा बिब आणि रेषेवरची वेळ, दोन्ही एकत्र. गर्दी वाढली तर पंधराव्याचा, पण सोडायचं नाही. जो बिब लांबूनच स्पष्ट दिसतोय तोच निवडायचा.

याचा उपयोग असा. हाताच्या पद्धतीत चूक झाली की ती एका माणसापुरती राहत नाही. एक बटण चुकलं की तिथून पुढच्या प्रत्येकाला मागच्याची वेळ लागते, थेट शेवटच्या माणसापर्यंत. समजा पडताळणीत बिब १०५२ ची वेळ ३०:५८ आहे आणि जोडलेल्या निकालातही ३०:५८. पुढचा तपासलेला बिब ११८७, पडताळणीत ३१:४२ आणि निकालात ३१:४७. म्हणजे चूक या ४४ सेकंदांतच आहे, बाकी कुठे शोधायचं कारण नाही. निकालातली वेळ उशिराची दिसतेय, म्हणजे एक बटण दाबायचं राहिलं. बहुधा दोघं खांद्याला खांदा लावून आले असणार. व्हिडिओत ती ४४ सेकंदं बघा आणि त्या जागी एक वेळ घाला, खालचं सगळं आपोआप जागेवर येतं.

उलट निकालातली वेळ लवकरची दिसली तर दोन शक्यता: बटण जास्तीचं दाबलं गेलं, किंवा कुणीतरी पट्टी न देता गल्लीतून सटकलं. यातलं कुठलं, ते व्हिडिओतली माणसं मोजल्यावर लगेच कळतं. न बघता वेळ खोडू नका. पट्टी निसटलेली असेल तर तुम्ही एका खऱ्या माणसाची वेळ पुसून टाकाल.

व्हिडिओसाठी फोन तिकाटण्यावर, रेषेच्या पुढे तिरका, बिब समोरून दिसतील असा. चालणारं घड्याळ चौकटीत येईल असं बघा. तेवढी सोय नसेल तर सुरुवातीचा इशारा त्याच व्हिडिओत येऊ द्या आणि शेवटपर्यंत चित्रण थांबवू नका. फोनमधली जागा आधी मोकळी करा.

---

दोन_फेऱ्या

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

दोन शर्यतींना दोन वेगळी घड्याळं नकोत. ६:३० च्या इशाऱ्याला एकच घड्याळ सुरू करा आणि दोन्ही शर्यतींचे लोक त्याच यादीत घ्या. ५ किमीवाल्यांमधून नंतर सुरुवातीतला फरक वजा करायचा. तो फरक कागदावरचे १५:०० नव्हे, प्रत्यक्षातला. सुरुवातीला एक माणूस फक्त घड्याळातली वेळ लिहायला उभा करा: '१० किमी ६:३१:२०, ५ किमी ६:४७:०५' असं. तर फरक १५:४५ झाला. स्टॉपवॉच बंद पडलं तरी ही चिठ्ठी, व्हिडिओ आणि नेटवर्कवरून वेळ जुळवलेली फोनची घड्याळं यावरून वेळा परत उभ्या करता येतात.

तुमच्या वेळापत्रकात मला जास्त काळजी वाटते ती फेरीची. १० किमीवाले पहिली फेरी संपवून ६:५० ते ७:१० दरम्यान रेषेजवळ येतील आणि ५ किमीचा पहिला धावपटू ७:०३ च्या आसपास. दोघांना एकाच गल्लीसमोर आणू नका. रेषेच्या ४०-५० मीटर आधी रस्त्याचे दोन भाग करा, डावीकडे 'दुसरी फेरी', उजवीकडे 'शेवट'. तिथे मोठा फलक आणि मोठ्या आवाजाचा एक माणूस. बिबचे रंग दोन अंतरांना वेगळे असले तर तो माणूस रंग बघून हाताने दिशा दाखवू शकतो. दुसऱ्या फेरीला जाणाऱ्यांचे बिब टिपायला तिथेच एक जण बसवा, म्हणजे १० किमीचं बिब लावून एकच फेरी मारणारा लगेच सापडतो.

---

यादीवाली

नोंदणीबद्दल लिहिते. माझ्या मते निकाल बिघडतात ते जास्त करून इथे. वेळ अचूक घेतली आणि बिब भलत्याच्या छातीवर असला, तर महिला गटात पुरुष पहिला येतो. आणि कुणी रस्त्यात कोसळलं तर फोन दुसऱ्याच्याच घरी जातो.

आधी यादी. फॉर्मवरून आलेल्या यादीत एकाच फोन नंबरवर पूर्ण कुटुंब असतं, म्हणून दुबार नोंदी काढताना फोन बघू नका, नाव आणि जन्मतारीख मिळून बघा. एक्सेलमध्ये तारखांचे दिवस-महिने उलटे झालेत का ते तपासा: ०४/०७ ही जुलैची की एप्रिलची? वयोगट शर्यतीच्या दिवशीच्या पूर्ण वयावर ठरवा आणि तसं आधीच जाहीर करा. आदल्या दिवशी यादी गोठवायची. त्यानंतर एकच मूळ प्रत, एकाच माणसाकडे. बाकी सगळ्यांनी बदल कागदावर लिहून त्याच्याकडे द्यायचे.

बिबना अंतरानुसार मालिका द्या: ५ किमीला १००१ पासून, १० किमीला २००१ पासून. ऐनवेळच्या लोकांसाठी वेगळी सलग मालिका राखून ठेवा, मधले न आलेल्यांचे बिब त्यांना देऊ नका. बिबच्या मागे नाव, संपर्कासाठी जवळच्या माणसाचा फोन आणि आजार-औषधं लिहायची जागा हवी. प्रत्येक पाकिटात ४ सेफ्टी पिना, म्हणजे १४००, वर १०० जास्तीच्या.

टेबलांचा हिशेब: बहुतेक लोक वाटप बंद होण्याआधीच्या ४० मिनिटांत येतात. २५० जण धरले तर मिनिटाला सहा. बिब नंबर माहीत असलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात मोकळं करता येतं, म्हणजे एका टेबलावर मिनिटाला दोन. तीन टेबलं कशीबशी पुरतात, म्हणून चार. पण नंबर माहीत नसेल तर वेळ दुप्पट होतो. म्हणून टेबलांच्या १५ मीटर अलीकडे नावांच्या अकारविल्हे क्रमाने याद्या लावा, नाव आणि बिब नंबर एवढंच. जन्मतारीख, फोन फलकावर अजिबात नको. टेबलांवर नंबरांचे गट: १००१-१०८०, १०८१-११६०, ११६१ पासून पुढे, आणि २००१ पासून पुढे.

पाचवं टेबल वेगळं, 'अडचण आणि नवी नोंदणी'. नाव सापडत नाही, अंतर बदलायचंय, मित्राचा बिब घ्यायचाय, सगळे तिकडे. असा एक माणूस नेहमीच्या रांगेत अडकला की मागचे वीस थांबतात. नव्या नोंदणीला माणशी दोन मिनिटं धरा आणि ती ६:०० ला बंद करा, वाटप ६:१५ ला.

दिलेल्या प्रत्येक बिबपुढे खूण करायची. बंद झाल्यावर उरलेली पाकिटं मोजा. एकूण वजा उरलेले हा आकडा दिलेल्या बिबशी जुळला पाहिजे. मार्गावर कुणी राहिलंय का, हे शेवटी याच आकड्यावरून ठरतं. आपत्कालीन संपर्काची एक छापील प्रत रुग्णवाहिकेत द्या.

---

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तपशिलात कुणी सांगितलं नव्हतं. आणखी तीन शंका. आमचे बिब छापून झालेत आणि त्यांना फाडायची पट्टी नाही. एक प्रायोजक चिपचा खर्च करू म्हणतोय, घ्यावी का? आणि १६ माणसं पुरतील?

---

काटा_सेकंदाचा

पट्टी नसेल तर १ ते ३५० क्रमांकाची कार्डं करा. गल्लीच्या शेवटी क्रमाने एकेक हातात द्यायचं आणि पाचच पावलांवरच्या टेबलावर कार्ड परत घेऊन त्यावर बिब लिहायचा. कार्ड खिशात घालून घरी जाणारे असतात, म्हणून पदक त्या टेबलानंतरच द्या. कार्डांचे गठ्ठे पन्नास-पन्नासचे बांधा, वाऱ्याने उडाले तर क्रम लावत बसावं लागतं. लिहायला पेन्सिल, पावसात शाई पसरते.

माणसं पुरतात. वाटप ६:१५ ला संपतं आणि पहिला ५ किमीवाला सातनंतर येतो, तेव्हा टेबलांवरचेच लोक रेषेवर जातील. वेळ २, पडताळणी २, व्हिडिओ १, गल्लीत १, कार्ड देणं २, बिब लिहिणं २, दुसऱ्या फेरीच्या फाट्यावर २. बारा झाले. दोघं संगणकावर, दोघं मोकळे. संगणकावर वेळ टाकताना ०:३१:४२ असं लिहा. नुसतं ३१:४२ लिहिलं की एक्सेल ते ३१ तास ४२ मिनिटं धरतं.

---

दोन_फेऱ्या

चिप मिळत असेल तर घ्या, पण हातची यादी आणि व्हिडिओ सोडू नका. बिबवरच्या चिपमध्ये बॅटरी नसते, रेषेवर अंथरलेल्या मॅटमधल्या अँटेनाच्या लहरींवर ती उत्तर देते. त्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे बिब दुमडला, जॅकेटखाली गेला किंवा कमरेला मागे लावला की चिप वाचली न जाण्याची शक्यता वाढते. बिब छातीवर, सपाट, चिपमधून पिन न टोचता.

उलटा त्रासही असतो: नको त्या चिपा वाचल्या जातात. उरलेल्या बिबची पेटी आणि शर्यत संपवून रेंगाळणारे लोक मॅटपासून १५-२० मीटर लांब ठेवा. सराव करणारे सुरुवातीची मॅट ओलांडतात, म्हणून इशाऱ्याआधीच्या नोंदी गाळायला सांगा. दुसऱ्या फेरीवाल्यांची डावी वाट मॅटवरून जाऊ देऊ नका.

बक्षिसं इशाऱ्यापासूनच्या वेळेवर द्यायची की चिपच्या निव्वळ वेळेवर (धावपटूने स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनच्या), हे आधीच लिहून जाहीर करा. पहिल्या तिघांसाठी इशाऱ्यापासूनचीच वेळ घ्या, नाहीतर पहिला येणारा डोळ्यांदेखत दुसरा ठरतो. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत क्रम धड रेषेवर पोचण्यावर ठरतो, हात किंवा डोकं नव्हे. रस्त्यावरच्या शर्यतीची हाताने घेतलेली वेळ पुढच्या पूर्ण सेकंदात लिहितात, म्हणजे ४२:१०.२ चे ४२:११.

---

पहाटवारा

कळलं. शेवटचं: कुणी बिब न लावताच रेषेवर आलं तर?

---

तिसरी_यादी

बटण दाबायचंच, आणि कार्डही द्यायचं. रेषेवरच्या माणसाने कोण खरा, कोण खोटा हे ठरवायचं नाही, आलेला प्रत्येक देह मोजायचा. टेबलावर त्या कार्डावर 'बिब नाही, निळा शर्ट, पुरुष' एवढं लिहा आणि पुढे जा. नाव यादीत सापडलं तर निकालात घ्या, नाही तर ती ओळ क्रम जोडून झाल्यावर काढा, आधी नाही. निकाल 'तात्पुरता' म्हणून लावा, हरकतीला ३० मिनिटं द्या, आणि बक्षिसांची नावं पुकारण्याआधी प्रत्येक गटातले पहिले तीन व्हिडिओत बघून घ्या.