मदत हवी आहे: वेणूताई चव्हाण आणि नाशिक

शाळेच्या प्रदर्शनासाठी वेणूताईंवर एक फलक करतेय. १९४२चं लग्न, पाठोपाठ भूमिगत नवऱ्यामुळे त्यांनाच झालेली अटक, १९८३मधलं निधन, कराडचं स्मारक, एवढं जमलंय. त्यांना फक्त ‘यशवंतरावांच्या पत्नी’ म्हणून एका ओळीत उरकायचं नाही.

अडलंय ते नाशिकपाशी. १९६३मध्ये यशवंतराव इथून लोकसभेवर बिनविरोध गेले. त्यांचं आत्मचरित्र १९४६लाच थांबतं, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. नेटवर तेच तेच परिच्छेद फिरतात. कराडला जाणं सध्या जमणार नाही. ऐकीव आठवणी नकोत, छापील नोंद किंवा तारखेसह फोटो हवा.

त्या काळात वेणूताई नाशिकला आल्या होत्या का, आणि १९६३चे स्थानिक अंक शहरात कुठे चाळायला मिळतील?