मदत हवी आहे: स्किझोफ्रेनियातले '८० टक्के आनुवंशिक' नातेवाइकांना कसं समजवावं?

मंडळी, रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी मराठीत एक पानी माहितीपत्रक करतोय. घोडं अडलंय ते 'आनुवंशिकता सुमारे ८० टक्के' या वाक्यावर. लोक त्याचा अर्थ 'मुलाला होण्याची शक्यता ८० टक्के' असा घेतात, आणि मग स्थळंच बंद! खरं तर तो आकडा समाजात कुणाला आजार होतो नि कुणाला नाही, या फरकांबद्दलचा आहे, एका माणसाच्या नशिबाबद्दलचा नाही. सर्वसाधारण धोका १ टक्क्याच्या आसपास. आई किंवा वडिलांपैकी एकाला आजार असेल तर साधारण १० टक्के. एकसारख्या जुळ्यांतही दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्या वर जात नाही, म्हणजे जनुकं सारखी असूनही बाकी गोष्टी मोजाव्याच लागतात. हे बिनगणिती भाषेत कसं लिहाल?

दुसरं, गांजा. कुमारवयात सुरुवात, रोजचा वापर आणि जास्त टीएचसीचा (गांजातला नशा आणणारा घटक) माल, हे तिन्ही धोका वाढवतात. पण घरात आजार असलेल्या १६ वर्षांच्या मुलाला हे सांगताना भीती न घालता कोणते शब्द वापरता?

शिवाय, २२क्यू११.२ डिलीशनची (२२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसणं, ज्यात स्किझोफ्रेनियाचा धोका वाढतो) चाचणी कुणाला सुचवता? माझ्या मते सरसकट नको. जन्मजात हृदयदोष, टाळूचा दोष किंवा लहानपणापासून शिकण्यात अडचण असेल तरच. चूक वाटत असेल तर खोडा.