बोरिस कार्लॉफ : श्रेय रंगभूषेचे की अभिनयाचे?

नौपाडेकर (प्रश्न):
आमच्या ठाण्यातील वाचनमंडळात पुढच्या रविवारी मला हॉलिवुडचा नट बोरिस कार्लॉफ याच्यावर वीस मिनिटे बोलायचे आहे. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, १९३१ च्या 'फ्रँकेनस्टाइन' या चित्रपटात त्याने साकारलेला राक्षस ही सर्वस्वी जॅक पिअर्स या रंगभूषाकाराची करामत आहे. ज्या भूमिकेला संवाद नाहीत आणि ज्या चेहऱ्यावर चार-चार तास लेप चढत असे, तिथे नटाने केले तरी काय? आरंभीच्या श्रेयनामावलीत त्या भूमिकेपुढे नटाचे नाव नसून प्रश्नचिन्ह होते, हा दाखलाही ते देतात. मला हे पटत नाही, पण मुद्देसूद उत्तर सुचत नाही.

खारेगावचा प्रेक्षक:
त्यांना आधी सांगा की शेवटच्या नामावलीत कार्लॉफचे नाव आहे. प्रश्नचिन्ह ही कुतूहल वाढवण्याची युक्ती होती. शिवाय त्या रंगभूषेतही नटाचा वाटा आहे. आपले डोळे फारच जिवंत दिसतात असे कार्लॉफलाच वाटले, म्हणून पापण्यांवर मेण चढवले गेले, आणि दातांचा एक कृत्रिम भाग काढून ठेवल्यामुळे एका गालाला ती खळगी पडली. मात्र खरे उत्तर छपरातून पहिल्यांदा ऊन आत येते त्या प्रसंगात आहे. राक्षस वर पाहतो, तो प्रकाश जणू ओंजळीत धरता येईल अशा समजुतीने हात उंचावतो, आणि झडप बंद झाल्यावर ते हात रिकामेच पुढे राहतात. हे कोणता लेप करून दाखवणार?

तळ्याकाठचा प्रसंगही दाखवा (आपल्या तलावांच्या शहरात तो चुकवून कसे चालेल!). फुले पाण्यावर तरंगतात, तशी मुलगीही तरंगेल, एवढ्याच भाबडेपणाने तो तिला पाण्यात टाकतो. पुढे या प्रसंगाला कात्री लागली आणि तो हात पुढे करतो तिथेच दृश्य तुटू लागले. त्यामुळे प्रेक्षकांच्या मनात भलतेच, अधिक भयंकर काही येऊ लागले. वगळलेला भाग १९८० च्या दशकात पुन्हा जोडला गेला.

नेरूळवासी:
थोडे विषयांतर करतो. कार्लॉफचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७ चा, लंडनचा. सयामच्या राजदरबारात शिक्षिका असलेल्या ॲना लिओनोवेन्स या त्याच्या आजीच्या सख्ख्या बहीण, आणि त्यांचा जन्म आपल्या अहमदनगरचा. वडीलही हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात नोकरीला होते. मंडळींचे कान टवकारतील.

पाचपाखाडीची वाचक:
माझा मुद्दा त्याच्या संयमाचा आहे. १९०९ मध्ये कॅनडाला गेल्यावर त्याने कित्येक वर्षे फिरत्या नाटक मंडळ्यांत काढली, पुढे हॉलिवुडमध्ये किरकोळ भूमिका आणि पोटासाठी अंगमेहनत केली. राक्षस वाट्याला आला तेव्हा तो चव्वेचाळिशीला टेकला होता. त्या अवजड वेषातल्या कष्टांनी पाठीचे दुखणे जन्माचे जडले. १९३३ मध्ये उभ्या राहिलेल्या चित्रपट नटांच्या संघटनेच्या आरंभीच्या सभासदांत तो होता, हे मला म्हणूनच स्वाभाविक वाटते. आणखी एक, १९३५ च्या उत्तरभागात राक्षसाला बोलते करू नये असे त्याचे ठाम मत होते. ते कोणी ऐकले नाही. माझ्या मते तो उत्तरभाग पहिल्यापेक्षा सरस आहे, म्हणजे इथे तो चुकलाच. पण आपल्या मूकाभिनयावर त्याची भिस्त किती होती ते यातून दिसते.

नौपाडेकर:
आपणा सर्वांचा आभारी आहे. भाषण आटोपते घेऊन प्रकाशाचा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवीन आणि मग त्या सदस्यांनाच बोलायला सांगेन.