सल्ला हवा: जुन्या सी हॉक किटमध्ये हाताने तपशील भरायचे आहेत

सुरंगी (फोंडा)

नमस्कार मंडळी. मामांच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेलं सी हॉकचं (नौदलाचं जुनं लढाऊ जेट) १/७२ किट, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं प्लास्टिकचं मॉडेल, आता माझ्याकडे आलंय. भाग सगळे शाबूत आहेत, पण साचा फार जुना. अंगभर उठावदार रिव्हेट, कॉकपिट म्हणजे नुसती पोकळी आणि त्यात बसवायला एक वैमानिक. चाकांच्या खोबणींना खोली नाही, धूर बाहेर पडायची दोन्ही तोंडं बंद.

नवीन किट मिळतात हे ठाऊक आहे, पण मला हेच करायचंय. नौदलाच्या आयएनएएस ३०० स्क्वाड्रनचं, विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडणारं विमान म्हणून. रेझिनचे तयार भाग मागवणार नाही, जमेल तेवढं स्वतः घडवणार. सुरुवात कुठून करू? प्लास्टिक शीटऐवजी इथे सहज मिळणारं काही चालेल का? आणि पावसाळ्यात रंगकाम करावं की थांबावं?

कुळागर

ताई, काहीही चिकटवण्याआधी दोन्ही अर्ध्या बाजू टेपने जुळवून धरा, वर काच ठेवा आणि टॉर्च मारून आत बघा. जुन्या किटची काच जाड असते. तिच्यातून तळ आणि बाजूचे पॅनेल जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतं ते सीटचं डोकं, तिच्यामागची भिंत आणि डॅशबोर्डची वरची कड. मेहनत तिथे घाला.

सी हॉकला मार्टिन-बेकरची इजेक्शन सीट होती. तिच्या डोक्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची कडी असते. ती पुढे ओढली की चेहऱ्यावर पडदा येतो आणि सीट सुटते. इलेक्ट्रिकच्या लवचीक वायरमधली तांब्याची एकच तार काढा, ती टाचणीवर वळवून कडी करा. आधी पूर्ण पिवळी रंगवा, वाळली की सुईच्या टोकाने काळे पट्टे. कॉकपिटमध्ये एवढी एक गोष्ट मनासारखी झाली तरी बघणाऱ्याची नजर तिथेच ठरते.

माप काढताना एक इंच म्हणजे ०.३५ मिमी हे डोक्यात ठेवा. दोन इंची पट्टा ०.७ मिमीचा होतो. गोळ्यांच्या पाकिटामागची चांदी तेवढ्या रुंदीत कापली की सीटचे पट्टे तयार, आणि त्यांना घडीही छान पडते. कागदाचे पट्टे ताठ राहतात, मला ते आवडत नाहीत.

मांडवीकाठ

शीटसाठी कुठे जायची गरज नाही. पार्सलच्या डब्यांची झाकणं, आइस्क्रीमचे कप उलटे करून बघा. तळाच्या त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचंच प्लास्टिक. मॉडेलच्या सिमेंटने (प्लास्टिकच्या गोंदाने) विरघळून एकजीव होतं. ५ असेल तर बाजूला ठेवा, त्याला सिमेंट धरत नाही.

गोल काड्या, पाइप, अँटेना यांसाठी किटचीच फ्रेम, म्हणजे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट, वापरा. तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर फिरवत धरायचा, ज्योतीत घालायचा नाही. मऊ होऊन वाकायला लागला की बाहेर काढून एका संथ लयीत ओढायचा. जोरात ओढलात तर केसासारखी तार येते, हळू ओढलात तर जाड.

नाकाखाली २० मिमीच्या चार तोफांची तोंडं असतात. फार्मसीतून २७ नंबरची इंजेक्शनची सुई आणा, तिचा बाहेरचा व्यास ०.४ मिमीच्या आसपास असतो. बारीक ड्रिलने भोक पाडून आत बसवा. तोंड किंचित आतच राहू द्या, कारण खऱ्या विमानात नळ्या पुढे आलेल्या नाहीत. सुई कापताना डोळ्यांना चष्मा हवाच, तुकडा उडतो.

दाबोळी_रनवे

तुम्ही फोंड्याला असून फोटोंवर कशाला थांबता? बोगमाळोच्या वाटेवरच्या नौदल विमान संग्रहालयात खरं सी हॉक उभं आहे. १९९८ पासून ते संग्रहालय आहे. आलिझे, सी हॅरियर, सुपर कॉन्स्टेलेशनही अंगणातच. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, पॅनेलच्या रेषा तेव्हा उठून दिसतात. बाजूचा फोटो लांबून झूम लावून घ्या, जवळून घेतलेल्या फोटोत नाक फुगतं. विमानाची लांबी सुमारे १२.१ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये १६८ मिमी. फोटो त्या मापाला छापला की पट्टी लावून थेट मापं घेता येतील. रंग मात्र तिथून घेऊ नका. उघड्यावरच्या विमानांवर वेळोवेळी नवा हात मारला जातो.

मागच्या बाजूला जास्त वेळ द्या. सी हॉकची गंमत तिथेच आहे. नीन नावाचं जेट इंजिन एकच, पण त्याची धुराची नळी आत दोन फाट्यांत विभागून पंखांच्या मुळाशी दोन्हीकडे बाहेर पडते. त्यामुळे शेपटीकडचा भाग इंधनाला मोकळा मिळाला. ती दोन तोंडं बंद ठेवलीत तर विमानाची ओळखच जाते. ड्रिलने शेजारी शेजारी भोकं पाडा, मधलं प्लास्टिक कापा, कड आतून घासून धारेसारखी पातळ करा आणि आत पातळ शीटची सुरळी सरकवा.

मांडवीकाठ

+१. शिवाय सगळे रिव्हेट घासून सपाट करा आणि पॅनेलच्या रेषा नव्याने कोरा.

दाबोळी_रनवे

हे मला पटत नाही, बाब. एवढ्या लहान मॉडेलवर कोरलेली रेषा सहज जाड होते. रेषा ०.२ मिमीची झाली तरी खऱ्या विमानावर ती १४ मिमीची फट ठरते. बारीक पॉलिश पेपरने पाण्यात हलकेच घासून उठाव अर्ध्यावर आणा. रंगाखाली ते छान दिसतं आणि जुन्या साच्याचा स्वभावही राहतो.

चवथ_रंगारी

रंगाबद्दल. पावसाळ्यात लॅकर फवारू नका. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगावर पांढरी झाक येते. हाताने लावायचा अ‍ॅक्रिलिक चालेल, दोन थरांमध्ये भरपूर वेळ द्या. जून ते सप्टेंबर कोरीवकामात घाला आणि फवारणी दिवाळीनंतर. ब्रशसाठी तुमच्या जवळच्या गणपतीच्या चित्रशाळेत विचारा. मूर्तीचे डोळे रेखणाऱ्यांना कोणता ब्रश टोक धरून राहतो हे पक्कं माहीत असतं.

वरून गडद करडा, खालून फिकट हिरवट ‘स्काय’. आयएनएएस ३०० चं चिन्ह असलेला पांढरा वाघ हाताने रंगवायचा असेल तर आधी पारदर्शक डेकल कागदावर (पाण्यात भिजवून चित्र मॉडेलवर उतरवायचा कागद) रंगवा. बिघडला तर विमानाला धक्का लागत नाही.

सुरंगी (फोंडा)

केवढं दिलंत सगळ्यांनी! टॉर्चची चाचणी लगेच केली. कुळागर म्हणतात तसंच, काचेतून धूसर दिसतं. या रविवारी बोगमाळोला जातेय. अजून दोन शंका. विमान शेपटीवर न बसता पुढच्या चाकावर उभं राहावं म्हणून नाकात वजन काय घालू? आणि काच पातळ करता येईल का?

मांडवीकाठ

वजनाला गळाची शिसं, मासेमारीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतील. अराल्डाइटने बसवा, फेविकॉलने नाही. फेविकॉलच्या आम्लाने बंद जागेत शिसं गंजून फुगतं आणि काही वर्षांनी नाक फुटतं. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

कुळागर

काच घासून पातळ होणार नाही, नवीन काढा. जुनीच्या आतून तेलाचा हात फिरवा, एमसील दाबून भरा, कडक झालं की ठसा सोडवा. त्याला खालून दांडी लावा. मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण चौकटीत ताणून धरा, मेणबत्तीवर लांबूनच तापवा, लोंबायला लागलं की ठशावर खाली दाबा. पहिल्या फटक्यात येईलच असं नाही, झाकणं जास्त ठेवा. बसवायला मात्र फेविकॉलच. फेविक्विकच्या वाफेने काच पांढरी होते. आणि ताई, काच पातळ झाली की बाजूचे पॅनेलही दिसू लागतील. तेव्हा काच आधी करा, कॉकपिट नंतर.