मदत हवी आहे: भारी हेडफोनमधला फरक कानाला कळायला काय करायचं?

नमस्कार मंडळी,

बेळगावातनं लिहितोय, वडगावचा. जरा लांबणार आहे पण पूर्ण वाचा ही विनंती, कारण अर्धं सांगितलं की लोक "मग चांगला डॅक (कॉम्प्युटरमधल्या डिजिटल फाइलचा आवाज करून देणारा डबा) घे" म्हणून मोकळे होतात आणि माझा प्रश्न तो नाहीच.

आमचे आप्पा भजनात पखवाज वाजवायचे. त्यांच्या ३८ कॅसेट घरात आहेत, एकादशीची भजनं, सप्ताह, काकडआरती, सगळं टेपरेकॉर्डर समोर ठेवून केलेलं. त्या मी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायलोय. मागचा सूऽऽ आवाज थोडा कमी करायचाय, टाळ फार टोचतात ते जरा खाली घ्यायचेत, बाकी हात लावायचा नाही. आता हे करताना हेडफोनच जर वरच्या पट्टीत टोचणारा असला तर मी त्याची चूक आप्पांच्या रेकॉर्डिंगमधनं काढत बसणार, आणि ते कायमचं बिघडणार. म्हणून कुठला हेडफोन काय करतोय हे मला माझ्या कानानं कळायला पाहिजे.

मामेभाऊ बेंगळुरूला असतो, त्याला याचा नाद आहे. दसऱ्याला आला तेव्हा दोन हेडफोन ठेवून गेलाय, दिवाळी झाली की परत न्यायचेत. सेनहायझर एचडी ६०० आणि हायफायमन सुंदारा. पहिला १९९७ पासूनचा मॉडेल, नेहमीचा डायनॅमिक ड्रायव्हर, ३०० ओहम. दुसरा प्लॅनर, म्हणजे आत एकदम पातळ पडदा, त्यावर वाहक पट्ट्या आणि शेजारी चुंबकं. वाचलं तर सगळे म्हणतात दोघांत जमीन अस्मानाचा फरक.

पहिल्या दिवशी मलापण तसंच वाटलं. सुंदारा लावला आणि काय ते टाळ, काय तो पखवाज! लगेच भावाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "दादा, दोघांचा आवाज सारखा करून ऐकलास काय?" नव्हता केला. ॲम्पचा नॉब एकाच जागी ठेवला तर सुंदारा बराच मोठा वाजतो, आणि मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. मग फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं, माइक कपच्या आत धरून पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या असलेला चाचणीचा सूऽऽ आवाज) लावला आणि अंदाजानं दोन्ही सारखे केले. फरक जवळजवळ गेलाच की हो! दोन दिवस खरंच वाईट वाटलं.

मग पोरगीला बसवलं, माझे डोळे बांधून मला हेडफोन घाल म्हटलं. पण एचडी ६०० कानशिलं असा दाबून धरतो की डोक्यावर बसला की ओळखू येतो, ऐकायच्या आधीच. आवाजावर संशोधन करणारे शॉन ऑलिव्ह, त्यांच्या हार्मन कंपनीतल्या टीमनं यावर उपाय म्हणून एकाच हेडफोनमधनं वेगवेगळ्या हेडफोनचा आवाज नक्कल करून लोकांना ऐकवला होता, ते वाचलं, पण घरी ते कसं जमायचं?

मला जे कळंना झालंय ते आता सांगतो. माझा कान तसा वाईट नाही. पखवाजाच्या धुमाला (डावी, जाड आवाजाची बाजू) कणीक लावतात, भजन दीड दोन तास चाललं की ती वाळायला लागते आणि धुम वर चढतो, ते मला मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसूनपण कळतं. आप्पा त्यासाठीच मला लहानपणी शेजारी बसवायचे. पाण्याचं बोट घेऊन कणीक जराशी चेपायचे आणि माझ्याकडं बघायचे, मी मान हलवली की पुढचा अभंग. तसंच कॅसेट डेकच्या हेडजवळ तो छोटा स्क्रू असतो ना, ॲझिमथचा, म्हणजे हेडचा टेपशी कोन जुळवायचा, तो बारक्या स्क्रू ड्रायव्हरनं पाव आटा फिरवला तरी टाळांवरचं मळभ गेलेलं मला लगेच ऐकू येतं.

म्हणजे चालू असताना बदललं तर कळतं. पण एक हेडफोन काढायचा, वायर बदलायची, दुसरा घालायचा, नॉब ठरलेल्या खुणेवर आणायचा, यात पंधरा वीस सेकंद जातात आणि तोपर्यंत आधीचा आवाज डोक्यातनं पुसलेला असतो. वर पाच मिनिटं ऐकलं की कान त्या हेडफोनला सरावतो आणि तोच बरोबर वाटायला लागतो.

एक गोष्ट मात्र सापडली. गाणं सुरू व्हायच्या आधी कॅसेटचा नुसता सूऽऽ असतो, त्याच्यात दोन्ही हेडफोन साफ वेगळे आहेत. एकात तो जाड, पोत्यावर हात फिरवल्यासारखा, दुसऱ्यात बारीक आणि वर. भजन सुरू झालं की ते कळायचं बंद.

तर विचारायचंय ते असं:

जे खरंच फरक ओळखतात ते तुम्ही पटापट बदलून शिकलात, की एकाच हेडफोनवर पंधरा दिवस राहून मग दुसरा लावला? दोन्ही सल्ले मिळालेत आणि दोन्ही देणारे छातीठोकपणे सांगतात.

ग्राफ बघितले तर एचडी ६०० एकदम खालच्या बासमध्ये उतरत जातो, सुंदारा बराच खालपर्यंत सरळ. मग पखवाजाच्या धुमात फरक पहिला कळायला पाहिजे ना? मला तिथंच काही कळत नाही. की असल्या जुन्या कॅसेटमध्ये तेवढं खालचं काही नसतंच, आणि मी चुकीच्या जागी शोधायलोय?

आणि हार्मनचा हाऊ टू लिसन म्हणून फुकट प्रोग्रॅम आहे कान तयार करायचा, कुणी नेमानं केलाय काय? किती दिवसांनी उपयोग दिसला?

भर: खाली एकांनी विचारलंय की खोली शांत आहे काय. दोन्ही ओपन बॅक आहेत, बाहेरचं सगळं आत येतं, आणि वडगावात शेजारी माग चालू असतात. त्यामुळं माग बंद झाल्यावर रात्री अकराच्या पुढंच बसतो.

दुसऱ्यांनी सांगितलं तसं काल करून बघितलं. एकच हेडफोन, एचडी ६००, आणि पोरगीनं मला न सांगता इक्वलायझरवर एक पट्टी ३ डेसिबलनं वर करायची किंवा तशीच ठेवायची. ३ किलोहर्ट्झला १० पैकी ९ बरोबर आले! ८ किलोहर्ट्झला ७. १०० हर्ट्झला ५, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. ज्या धुमावर आप्पांनी माझा कान तयार केला तिथंच मी हुकतोय, याचं कारण कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा. हेडफोन जायला बारा दिवस आहेत, रोज रात्री तासभर बसायची तयारी आहे, फक्त त्या तासात काय ऐकू ते सांगा.