मदत हवी आहे: रॉक ऐकणाऱ्याने जॅझमध्ये सम कुठे धरायची?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. राहायला इंदिरानगर, नोकरी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत. कॉलेजपासून क्लासिक रॉक ऐकतोय: डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, क्रीम, डोअर्स. गेले काही महिने जॅझकडे मनापासून वळलोय आणि एकाच ठिकाणी गाडं अडतंय. जाणकारांनी हात द्यावा.

आधी माझ्या ऐकण्याच्या सवयी सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. मी अल्बम अख्खा ऐकतो. शफल लावून सुटी गाणी ऐकणं मला जमत नाही. सकाळी कंपनीच्या बसमध्ये इअरफोनवर एक अल्बम, परतताना दुसरा. रात्री जेवणं आटोपली की बाल्कनीत छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर हळू आवाजात. एकदा अल्बम धरला की पाठ होईपर्यंत सोडत नाही. डीप पर्पलचा 'मेड इन जपान' घ्या. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोला झालेल्या कार्यक्रमांचं ते रेकॉर्डिंग. त्यात 'स्पेस ट्रकिंग' जवळजवळ वीस मिनिटं चालतं आणि त्यातलं वळण न् वळण मला माहीत आहे. तेव्हा लांबलचक वादनाचा मला कंटाळा नाही, हे कृपया लक्षात घ्या. बहुतेक जण पहिला सल्ला 'धीर धरा' असा देतात, म्हणून आधीच सांगितलं.

घरात शास्त्रीय संगीतही आहे. द. वि. पलुस्कर १९२१ साली नाशकातच जन्मले याचा बाबांना घरच्यासारखा अभिमान. त्यांच्याबरोबर लहानपणापासून बैठकांना बसलोय. गाता येत नाही, पण विलंबित एकतालात सम, म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, कधी येतेय ते आतून कळतं. मुखडा, म्हणजे समेवर आणणारा बंदिशीचा तुकडा, जवळ आला की मान आपोआप तयार होते.

जॅझमध्ये नेमकं हेच होत नाही. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मधलं पहिलंच 'सो व्हॉट' घ्या. पॉल चेंबर्स बेसवर एक छोटी ओळ वाजवतो आणि बाकीचे दोन सुरांत तिला उत्तर देतात. इथवर मी पक्का असतो. मग दीड मिनिटाच्या आसपास माइल्सच्या ट्रंपेटचा सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, निघतो, त्याच क्षणी ड्रमर जिमी कॉबची काठी झांजेवर जोरात पडते, आणि तो झणत्कार विरतो न विरतो तोच मी हरवलेला असतो. रॉकमध्ये रिफ, म्हणजे गाण्याची ठरलेली छोटी ओळ, परत येते. ख्यालात मुखडा परत येतो. इथे सुरुवातीची ओळ थेट शेवटी भेटते. मधली सहा-सात मिनिटं वादकांना आपण कुठे आहोत हे कळतं कसं? आणि ऐकणाऱ्याने काय धरून राहायचं?

सूर सुंदर आहेत, रात्री शांत वाटतं, सगळं खरं. पण मला ते संगीत नुसतं मागे वाजत राहायला नकोय. समजून ऐकायचंय.

रॉककडून जॅझकडे नेणाऱ्या रेकॉर्डी कोणत्या, तेही सुचवा. आणि नाशकात कुणी एकत्र बसून ऐकणारं असेल तर जरूर कळवा.

प्रतिसाद १

नाशिकरोडहून लिहितोय. तबला शिकलो, पुढे कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवले, त्यामुळे तुमची अडचण मला माझीच वाटली.

तुमचा कान ठेका चुकीच्या वाद्यात शोधतोय. रॉकमध्ये स्नेअर, म्हणजे पुढ्यातला कडक आवाजाचा ड्रम, चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर फाडकन वाजतो आणि लय हातात देतो. जॅझमध्ये १९४० च्या आसपास केनी क्लार्कसारख्या ड्रमरांनी लय पायाने वाजवायच्या बास ड्रमवरून काढून मोठ्या राइड झांजेवर नेली. तेव्हापासून स्नेअर आणि बास ड्रम बोलायला मोकळे झाले. ते मध्येच टोमणा मारतात, सोलो वाजवणाऱ्याला टोचतात. त्यांच्यामागे गेलात की हरवलातच. ठेका आहे राइड झांजेत आणि बेसमध्ये. बेसवाला प्रत्येक मात्रेला एक सूर टाकत चालत असतो. दुसरी-चौथी मात्रा हवीच असेल तर पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीची, हाय-हॅटची, बारीक 'चिक्' ऐका.

आता आवर्तन. 'सो व्हॉट'चं आवर्तन बत्तीस बारांचं, बार चार मात्रांचा. पहिल्या सोळा बारांत जे स्वर आहेत ते आपल्या काफी थाटाचे, गंधार-निषाद कोमल. पुढचे आठ बार अख्खा मामला अर्ध्या सुराने वर सरकतो. शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. सोलो कुणाचाही असो, हा नकाशा बदलत नाही. वर सरकणारा भाग ओळखायला शिका. तिथून खाली उतरलं की आठ बारांनी सम आली म्हणून समजा. माइल्स दोन आवर्तनं वाजवतो, मग सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन दोन, अ‍ॅडर्ली दोन आणि पियानोवर बिल एव्हन्स एक. हे माहीत असलं की सोलो कुठे संपणार तेही आधी जाणवायला लागतं.

प्रतिसाद २

वरचा प्रतिसाद उत्तम, पण मूळ लेखातली एक गोष्ट सुटली. तुम्ही ऐकता बसमध्ये आणि छोट्या स्पीकरवर!

डबल बेसची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झची. तळहाताएवढा स्पीकर तिथवर पोचूच शकत नाही. बेसचा वरवरचा अंश ऐकू येतो, तळ जातो. बसमध्ये तर डिझेल इंजिनाची घरघर नेमकी खालच्या पट्टीत असते, ती बेसला झाकून टाकते. मोहदरी घाट चढताना काय ऐकू येणार? रॉकचा स्नेअर आणि गिटार त्या आवाजातूनही वर येतात, म्हणून इतकी वर्षं काही अडलं नाही. जॅझमध्ये ज्याच्या हातात ठेका, तोच बसमध्ये गायब.

कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन घ्या, महागडे नकोत. आणि जॅझ घरीच ऐका. बसमध्ये डीप पर्पल चालू द्या की.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. धाकट्या भावाचे मोठे हेडफोन मागून घेतले आणि रात्री दिवे घालवून बसलो. खरं सांगतो, चेंबर्सचा बेस मी पहिल्यांदा ऐकला. एकेक सूर बोटाखालून सुटताना तारेची खरखरसुद्धा कळते. बेसवर मात्रा मोजत राहिलो आणि वर सरकणारा भाग माइल्सच्या दुसऱ्या आवर्तनात पकडला. कोल्ट्रेनच्या वेळी परत निसटला, तो फार सूर ओततो.

बाबांनाही ऐकवलं. ते म्हणाले, "स्वर काफीचे, चलन काफीचं नाही." पण पूर्ण नऊ मिनिटं हेडफोन काढला नाही.

प्रतिसाद ३

मी मुंबईकर, मूळचा पंचवटीतला. रेकॉर्डींबद्दल सांगतो.

'सो व्हॉट'ऐवजी त्याच अल्बममधल्या 'फ्रेडी फ्रीलोडर'पासून सुरुवात करा. तो बारा बारांचा ब्लूज आहे, म्हणजे आवर्तन बारा बारांचं, आणि बारा बारांचा ब्लूज तुमच्या अंगात आधीच मुरलाय, तुम्हाला ठाऊक नसेल इतकंच. क्रीमचं १९६८ मधलं लाइव्ह 'क्रॉसरोड्स' आठवा. क्लॅप्टनची गिटार कितीही उधळली तरी बारा बार झाले की जमीन पायाखाली येते. तेच आवर्तन इथे थोड्या फरकाने, संथपणे ऐका.

मग डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचं 'टेक फाइव्ह', १९५९ चं. पाच मात्रा, तीन-दोन अशा. जो मोरेलोच्या ड्रम सोलोखाली ब्रुबेक पियानोवर एकच तुकडा न थकता वाजवत राहतो. तबल्याच्या सोलोला लेहरा, म्हणजे आवर्तनभर फिरत राहणारी एकच धून, धरतात, अगदी तसा. तुमच्या बाबांना हे नक्की आवडेल. ब्रुबेक १९५८ मध्ये भारतात येऊन गेला, मुंबईतही वाजवलं.

ऑलमन ब्रदर्सचा १९७१ चा 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' ऐकला नसेल तर आजच लावा. ड्युएन ऑलमनवर 'काइंड ऑफ ब्लू'चा किती प्रभाव होता हे त्याने स्वतः सांगितलंय. पिंक फ्लॉइडच्या रिचर्ड राइटनेही 'ब्रीद'मधला एक कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) याच अल्बमवरून सुचल्याचं सांगितलंय. स्टीली डॅनच्या १९७७ च्या 'एजा'च्या शीर्षकगीतात सॅक्सोफोन खुद्द वेन शॉर्टरचा आहे. तुम्ही समजता तेवढं लांब नाहीच हे घर.

प्रतिसाद ४

माझं मत वेगळं. थेट महाविष्णू ऑर्केस्ट्राचा 'द इनर माउंटिंग फ्लेम' ऐका. रॉकचा जोर आणि जॅझची अक्कल एकाच ठिकाणी. मग जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांचं 'शक्ती'.

प्रतिसाद ३ कडून

दोन्ही थोर, वाद नाही. पण धागालेखकांना सम पकडायला शिकायचंय आणि महाविष्णूमध्ये मात्रांचे हिशेब भल्याभल्यांना चकवतात. सहा महिन्यांनी सुचवा.

धागालेखक

'फ्रेडी फ्रीलोडर' जमलं! दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मोजायचीही गरज पडली नाही, बारावा बार येतोय हे मानेलाच कळलं. 'टेक फाइव्ह'चा लेहरा बाबांनी माझ्या आधी ओळखला.

आता कोल्ट्रेनचं 'माय फेव्हरिट थिंग्ज' लावलंय, तेरा मिनिटांहून मोठं. सोप्रानो सॅक्सोफोनचा आवाज मला थेट सनईच्या घरातला वाटतो. पण यात आवर्तन किती बारांचं तेच हाती लागत नाही. पियानोवर दोन कॉर्ड झुलत राहतात आणि शेवट दिसत नाही.

प्रतिसाद १ कडून

तिथे मोजूच नका. सोलोच्या भागाला लांबी ठरलेली नाही. मॅकॉय टायनर पियानोवर ते झुलवत ठेवतो, वादकाचं मन भरेपर्यंत. मग मूळ चालीचा तुकडा येतो आणि तोच सगळ्यांना पुढच्या भागात नेतो. म्हणजे तुम्हाला हवा असलेला मुखडा इथे आहे.

डोअर्स तुमचे आवडते आहेत ना? 'लाइट माय फायर'च्या मोठ्या आवृत्तीतले ऑर्गन आणि गिटारचे सोलो दोन कॉर्डांवर चालतात ते याच रेकॉर्डवरून स्फुरलेले आहेत. दोन्ही पाठोपाठ ऐका, आधी कोल्ट्रेन.

आणि एकत्र ऐकण्याबद्दल: माझ्याकडे जुना टर्नटेबल आणि जमिनीवर ठेवायचे मोठे स्पीकर आहेत, बेस व्यवस्थित देतात. रविवारी दुपारी बाबांना घेऊन या, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट'ची रेकॉर्ड माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर घेऊन या.